कार्ट्रिज आणि व्हॉल्व्ह : आधी पत्रिका जुळवा

नुसते नामांकित घराणे पाहून सोयरीक करू नये, असे जुनीजाणती माणसे सांगत आली आहेत. रेकॉर्डप्लेअरसाठी नवे कार्ट्रिज घेणाऱ्यानेही हा सल्ला ध्यानात ठेवावा. ज्याच्या घरी व्हॉल्व्हचा प्री-ॲम्प्लिफायर आहे आणि ज्याला आता 'मूव्हिंग कॉइल' जातीचे कार्ट्रिज घ्यायचे आहे, त्याने तर पाकीट उघडण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. दोन्ही वस्तू उत्तम आणि दोन्ही महागड्या. पण एकत्र आणल्यावर भीमसेन जोशींच्या विलंबित ख्यालातला तानपुरा खरखरीत बुडून जातो, अशी तक्रार अनेकांची असते. यात दोष ना कार्ट्रिजचा असतो, ना व्हॉल्व्हचा. दोघांची जोडीच जमलेली नसते.

चुंबक हलतो की कॉइल?

रेकॉर्डच्या खाचेतून सुई धावते तेव्हा ती खाचेच्या वळणांबरोबर थरथरते. ही सुई एका बारीक दांडीच्या टोकाला बसवलेली असते. नेहमीच्या 'मूव्हिंग मॅग्नेट' कार्ट्रिजमध्ये दांडीच्या दुसऱ्या टोकाला इवलासा चुंबक असतो. तो हलला की शेजारच्या स्थिर कॉइलमध्ये वीज निर्माण होते. 'मूव्हिंग कॉइल'मध्ये नेमका उलटा प्रकार. तेथे चुंबक जागचा हलत नाही, तारेची कॉइल हलते. कॉइल हलकी ठेवायची तर तारेचे वेढे थोडेच देता येतात आणि वेढे थोडे म्हणजे वीजही थोडी.

थोडी म्हणजे किती? मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट देते. जपानच्या डेनॉन कंपनीचे प्रसिद्ध 'डीएल-१०३' हे मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज देते फक्त ०.३ मिलिव्होल्ट. म्हणजे रुपयात जेमतेम एक आणा!

मग हा खटाटोप करायचा कशाला? कॉइलचे वेढे कमी असल्याने जोडणीच्या वायरचा वरच्या पट्टीतल्या स्वरांवर फारसा परिणाम होत नाही. शिवाय चांगल्या मूव्हिंग कॉइलमधून गायकाचा श्वास, तबल्याच्या चाटीवरचे बोट, सारंगीच्या गजाची घासणी अशा बारीकसारीक गोष्टी मोकळ्या ऐकू येतात, असे जाणकारांचे मत आहे. हे सुख खरे. पण ते पदरात पडण्याआधी त्या एक आण्याचा रुपया करावा लागतो आणि अडचणीला तिथूनच सुरुवात होते.

व्हॉल्व्हची मर्यादा

१९५४ साली अमेरिकेतल्या रेकॉर्ड उत्पादकांच्या संघटनेने एक नियम घालून दिला. तो 'आरआयएए' या नावाने आज जगभर पाळला जातो. रेकॉर्ड कापताना खर्जाचे स्वर दाबायचे, तीव्र स्वर उचलायचे आणि वाजवताना प्री-ॲम्प्लिफायरने हे सगळे पुन्हा उलट करायचे, असा तो नियम. त्यामुळे खाचेत जास्त संगीत मावते आणि पृष्ठभागाची खरखर कमी होते. मात्र खर्ज उचलताना प्री-ॲम्प्लिफायर नको ते पाहुणेही उचलतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. १००० हर्ट्झच्या स्वराच्या तुलनेत ५० हर्ट्झचा आवाज येथे सुमारे सातपट वाढतो. वायरीतून शिरलेली विजेची बारीकशी भुणभुण स्पीकरमध्ये भुंग्यासारखी घोंगावते, त्याचे कारण हे.

व्हॉल्व्हच्या प्री-ॲम्प्लिफायरमध्ये बहुधा '१२ एएक्स ७' हा व्हॉल्व्ह आढळतो. युरोपात त्यालाच 'ईसीसी ८३' म्हणतात. मूव्हिंग मॅग्नेटसाठी बनवलेला असा प्री-ॲम्प्लिफायर आवाज साधारण शंभरपट वाढवतो. माहितीपत्रकात हा आकडा '४० डेसिबल' असा लिहिलेला असतो. ५ मिलिव्होल्टला एवढे पुरते. ०.३ मिलिव्होल्टला मात्र हजारपटीच्या आसपास, म्हणजे '६० डेसिबल' लागतात.

आणखी एक व्हॉल्व्ह वाढवला की काम झाले, असे कोणालाही वाटेल. पण प्रत्येक व्हॉल्व्हची स्वतःची एक सळसळ असते. कार्ट्रिजचा आवाज जेथे सर्वांत नाजूक, तेथेच ती सळसळ मिसळली तर पुढे दोन्ही बरोबरीने वाढत जातात. जोरकस वाद्यवृंदात ती खपून जाते. आपल्या ख्यालगायनात सुरुवातीला केवळ तानपुरा आणि संथ आलाप असतो. तेथे ती लपत नाही.

ट्रान्सफॉर्मरचे गणित

यावर जुना आणि आजही खात्रीचा उपाय म्हणजे 'स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर'. कार्ट्रिज आणि प्री-ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये बसणाऱ्या या छोट्या डबीला ना विजेची जोडणी लागते, ना व्हॉल्व्ह. १:१० गुणोत्तराचा ट्रान्सफॉर्मर ०.३ मिलिव्होल्टचे ३ मिलिव्होल्ट करतो आणि व्हॉल्व्हला ते मूव्हिंग मॅग्नेटसारखेच वाटते. सळसळीची भर जवळजवळ पडत नाही.

मग गुणोत्तर जितके मोठे तितके चांगले का? नाही. पुष्कळांचे पैसे वाया जातात ते इथेच. प्री-ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी ठरलेला ४७,००० ओहमचा भार असतो. ट्रान्सफॉर्मर मध्ये आला की कार्ट्रिजला तो भार गुणोत्तराच्या वर्गाने भागून दिसतो. १:१० असेल तर ४७,००० भागिले १०० म्हणजे ४७० ओहम. १:२० असेल तर भागिले ४००, म्हणजे सुमारे ११७ ओहम. १:३० असेल तर भागिले ९००, म्हणजे जेमतेम ५२ ओहम.

डीएल-१०३ च्या कॉइलचा स्वतःचा अवरोध ४० ओहम आहे. भार जसा या आकड्याच्या जवळ येतो, तसा आवाज कॉइलमध्येच जिरू लागतो. हिशेब मांडला तर १:१० ला प्रत्यक्षात सुमारे २.८ मिलिव्होल्ट हाती लागतात, १:२० ला ४.५ आणि १:३० ला ५.१. गुणोत्तर वीसवरून तीसवर नेले, म्हणजे दीडपट केले, तरी मिळकत वाढली ती साधारण सातव्या हिश्श्याइतकीच. वर स्वर दबल्यासारखे आणि मिटलेले वाटण्याची भीती. म्हणून या कार्ट्रिजला १:१० ते १:२० एवढेच योग्य. कॉइलच्या अवरोधाच्या निदान तिप्पट आणि शक्य तर दहापट भार असावा, हा ढोबळ नियम लक्षात ठेवला तरी पुरे.

तीन स्थळे

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. पहिले स्थळ म्हणजे वर आलेले डीएल-१०३. १९६० च्या दशकात जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या गरजेसाठी ते तयार झाले. रेडिओ केंद्रावर रोज तासन्‌तास टिकायचे, म्हणून बांधणी दणकट. सुईचे टोक साधे गोल, त्यामुळे बसवताना केसभर चूक झाली तरी ते रुसत नाही. मात्र रेकॉर्डच्या शेवटी-शेवटी, लेबलाजवळच्या खाचांत, तीव्र स्वर ते लंबगोल सुईइतके स्वच्छ वाचत नाही. सुईवरचा भार २.५ ग्रॅम.

दुसरे स्थळ डेन्मार्कच्या ऑर्टोफॉन कंपनीचे 'एसपीयू'. १९५९ पासूनचे हे नाव. त्याचे 'क्लासिक' हे रूप ०.२ मिलिव्होल्टच्या आसपास आवाज देते, पण कॉइलचा अवरोध फक्त काही ओहमचा. त्यामुळे डीएल-१०३ ला न मानवणारा १:३० चा ट्रान्सफॉर्मर येथे चपखल बसतो. म्हणजे मित्राकडे सुरेल वाजणारा ट्रान्सफॉर्मर आपल्या कार्ट्रिजला शोभेलच असे नाही. एसपीयूचे वजन हेडशेलसह सुमारे ३० ग्रॅम आणि सुईवरचा भार ४ ग्रॅमच्या घरात. साध्या टोनआर्मला हे ओझे पेलत नाही.

तिसरे स्थळ आहे 'हाय आउटपुट' मूव्हिंग कॉइलचे. डेनॉनचे 'डीएल-११०' १.६ मिलिव्होल्ट देते आणि थेट ४७,००० ओहमच्या जागी जोडता येते. ट्रान्सफॉर्मरचा खर्च आणि भुणभुणीची धास्ती, दोन्ही वाचतात. मात्र प्री-ॲम्प्लिफायर ४० डेसिबलपेक्षा बराच कमी असेल तर आवाज दबका येतो आणि व्हॉल्यूमचे बटण फार पुढे न्यावे लागते. ज्यांना पहिल्यांदाच हा प्रयोग करायचा आहे, त्यांनी या स्थळाचा विचार आधी करावा.

आकडे ताडून पाहताना एक सावधगिरी घ्यावी. काही कंपन्या आवाजाचा आकडा सेकंदाला ५ सेंटिमीटर वेगावर मोजतात, तर काही ३.५४ सेंटिमीटरवर. दुसऱ्या पद्धतीने सांगितलेले ०.३ म्हणजे पहिल्या पद्धतीचे सुमारे ०.४२. माहितीपत्रकातली बारीक अक्षरे वाचण्यात कमीपणा नाही.

टोनआर्मचे म्हणणे काय?

विजेचे गुण जुळले तरी टोनआर्मची संमती लागतेच. सुईची दांडी स्प्रिंगसारखी लवचिक असते आणि टोनआर्म म्हणजे त्या स्प्रिंगवरचे वजन. दोघे मिळून ज्या वेगाने आपोआप डुलतात, तो वेग सेकंदाला ८ ते १२ वेळा असावा. त्याखाली गेला तर वाकड्या रेकॉर्डवर सुई डोलू लागते, फार वर गेला तर खर्जात ढवळाढवळ करतो. डीएल-१०३ आणि एसपीयूची दांडी ताठ आहे. ताठ दांडीला वजनदार टोनआर्म मानवतो. हलक्याफुलक्या आधुनिक टोनआर्मवर डीएल-१०३ अंगावर येते, अशी तक्रार ऐकू येते ती यामुळेच. जपानी कंपन्या लवचिकतेचा आकडा १०० हर्ट्झवर देतात, युरोपातल्या बहुधा १० हर्ट्झवर. जपानी आकडा दीडपट ते दुप्पट धरल्याशिवाय तुलना करू नये.

घरी आणल्यावर

ट्रान्सफॉर्मरची डबी टर्नटेबलच्या मोटारीपासून आणि ॲम्प्लिफायरच्या वीजपुरवठ्यापासून लांब ठेवावी. घोंगावणे थांबत नसेल तर डबी हळूहळू फिरवून पाहावी. पुष्कळदा एका ठरावीक दिशेला आवाज एकदम विरतो. टर्नटेबलची अर्थची वायर एकाच जागी जोडावी आणि घरातले अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

जपानहून कोणी आणलेला व्हॉल्व्ह प्री-ॲम्प्लिफायर बहुधा तिथल्या १०० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टवर थेट लावला तर जळून जाईल. व्हॉल्व्हच्या यंत्रात दोनअडीचशे व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब खेळतो आणि बटण बंद केल्यावरही काही काळ तो आत साठून राहतो. झाकण उघडण्याचा मोह घरातल्या हौशी मंडळींनी टाळावा.

माळ्यावर बालगंधर्वांच्या जुन्या ७८ च्या तबकड्या असतील, तर त्यांच्यावर ही कार्ट्रिजे चालवू नयेत. त्या तबकड्यांची खाच रुंद असते. तिला साधारण चौपट जाड टोकाची सुई लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते, खरखर वाढते आणि सुईही लवकर जाते.

खरेदीपूर्वी विचारा

१. प्री-ॲम्प्लिफायर किती डेसिबल वाढवतो? मागच्या बाजूला 'एमसी' अशी वेगळी जोडणी आहे का? असल्यास आवाज वाढवण्याची सोय आतच असते, त्यावर वेगळा ट्रान्सफॉर्मर लावू नये.

२. कार्ट्रिजचा आवाज किती मिलिव्होल्ट आणि कॉइलचा अवरोध किती ओहम?

३. त्याला साजेसा ट्रान्सफॉर्मर कोणत्या गुणोत्तराचा? त्याची किंमत एकूण खर्चात धरली आहे का?

४. टोनआर्म हलका की जड? सुईवरचा भार मोजायला काटा आहे का?

५. सुई झिजल्यावर काय?

शेवटचा प्रश्न बहुतेकजण विसरतात. मूव्हिंग मॅग्नेटची सुई घरच्या घरी काढून दुसरी लावता येते. मूव्हिंग कॉइलची तशी निघत नाही. ती कारागिराकडून नव्याने बसवून घ्यावी लागते किंवा कार्ट्रिजच बदलावे लागते. अमेरिकेतल्या शुअर कंपनीने २०१८ मध्ये कार्ट्रिजांचे उत्पादन बंद केले तेव्हा अनेकांवर कंपनीच्या सुया शोधत फिरण्याची पाळी आली. म्हणून कंपनीचे नाव कितीही मोठे असो, पुढची सोय आधी विचारून ठेवावी.

पाचशे ते हजार तासांनंतर सुई तपासून घेणे शहाणपणाचे. झिजलेली सुई खाच कायमची कातरते. कार्ट्रिज पुन्हा विकत मिळेल, पण वडिलांनी जपून ठेवलेली रेकॉर्ड तशीच्या तशी पुन्हा मिळणे कठीण. तेव्हा या पाचपैकी एकाही प्रश्नाला उत्तर नसेल तर महागडे मूव्हिंग कॉइल तूर्त बाजूला ठेवावे, चांगले मूव्हिंग मॅग्नेट घ्यावे आणि उरलेल्या पैशांतून रेकॉर्ड पुसायचा ब्रश, सुईचा भार मोजायचा काटा आणि वेळेवर बदलायला एक जादा सुई आणावी.