मौन आधीं, वस्त्र मागाहून

दर दहा वर्षांनीं जुन्या गोव्यांत होणारा संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचा दर्शनसोहळा २१ नोव्हेंबर २०२४ रोजीं सुरू होऊन ५ जानेवारी २०२५ रोजीं संपला. सोहळा संपला, पण तेथील वर्दळ संपलेली नाहीं. सोहळ्यांत येतो तो यात्रेकरू; एरवीं येतो तो बहुधा प्रवासी. यात्रेकरूस आपण कोठें आलों हें ठाऊक असतें. प्रवाशास तें सांगावें लागतें, आणि सांगणारा कोणी नसला म्हणजे समुद्रकांठीं ज्या वेषानें व ज्या आवाजानें तो वावरत होता, त्याच वेषानें व त्याच आवाजानें तो आंत शिरतो. एका बाजूस कोणी वृद्धा गुडघे टेकून जपमाळ ओढीत आहे, आणि तिच्या व वेदीच्या मध्यें उभे राहून चार तरुण सेल्फी काढीत आहेत, हें दृश्य गोव्यास जाऊन आलेल्या आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिलें असेल. कांहींनीं तें घडविलेंही असेल.

या प्रकाराविषयीं दोन मतें ऐकूं येतात, आणि तीं दोन्हीं आम्हांस सारखींच अपुरीं वाटतात. एक पक्ष म्हणतो, आखूड कपडे घालणारांस दारांतूनच परत लावा म्हणजे झालें. दुसरा पक्ष म्हणतो, ही राष्ट्राची वारसावास्तु आहे, तिच्यावर सर्वांचा हक्क आहे, तेथें कोणीं कसें यावें हें सांगणारे पाद्री कोण?

दुसऱ्या पक्षाचा समाचार आधीं घेऊं, कारण तो कायद्याची भाषा बोलतो. बॉं जेझू बासिलिकेचा पाया १५९४ सालीं घातला गेला व १६०५ सालीं तिचा अभिषेक झाला. ती व शेजारचें से कॅथेड्रल हीं पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहेत, आणि १९८६ पासून गोव्यांतील चर्चें व मठ युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत आहेत, हें सर्व खरें. परंतु ज्या १९५८ च्या कायद्यानें प्राचीन स्मारकांस संरक्षण मिळालें, त्याच कायद्याचें सोळावें कलम असें सांगतें कीं, संरक्षित स्मारक हें उपासनेचें स्थान असेल तर त्याच्या स्वरूपाशीं विसंगत अशा कामासाठीं त्याचा उपयोग होतां कामा नये. म्हणजे सरकारनें छपराची डागडुजी आपल्याकडे घेतली म्हणून देवालयाचें वस्तुसंग्रहालय होत नाहीं. घटनेच्या सव्विसाव्या अनुच्छेदानें प्रत्येक धर्मपंथास धर्मविषयक बाबतींत आपला कारभार आपण पाहण्याचा हक्क दिलेला आहे. तेव्हां दारावर पाटी लावणारा धर्मगुरु कोणाच्या हक्कावर घाला घालीत नाहीं; आपल्या घराची रीत तो पाहुण्यास सांगतो. चालू उपासनेंत बुद्धिपुरस्सर व्यत्यय आणणें हा तर गुन्हाच आहे. जुन्या दंडविधानाचें २९६ वें कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेंत ३०० वें झालें, एवढाच काय तो फरक. कोणी फिर्याद घेऊन पोलिसांत धांवावें असें आम्ही मुळींच सुचवीत नाहीं. शिपाई उभा करून गोंगाट थांबेल. मनांत आदर उत्पन्न करण्याची युक्ति कोणत्याही संहितेंत लिहिलेली नाहीं.

हा आदर कशाचा, हेंच आमच्या लोकांस नीट कळलेलें नसतें, आणि त्याचें कारण उद्धटपणाहून वेगळें आहे. आमच्या देवळांत आवाज हीच उपासना आहे. शिरतांना घंटा वाजवावी, आरतीस टाळ्या व झांजा, कीर्तनांत नामाचा गजर. पंढरीस जाऊन जो गप्प उभा राहिला त्याचें काय चुकलें असें लोक विचारतील. अशा संस्कारांत वाढलेला मनुष्य चर्चमध्यें शिरतो तेव्हां तेथील शांतता त्यास रिकामी वाटते. पूजा चालू नाहीं, पुजारी दिसत नाहीं, म्हणजे आतां बोलण्यास हरकत नाहीं असा तो सरळ मनानें हिशेब करतो. हा हिशेब तेथें चुकतो. कॅथलिक श्रद्धेप्रमाणें मिस्सेंत अभिषिक्त झालेला प्रसाद म्हणजे प्रत्यक्ष ख्रिस्ताचें सान्निध्य. तो वेदीजवळ किंवा बाजूच्या लहान मंदिरांत एका छोट्या बंद पेटींत ठेवलेला असतो, आणि त्याच्यापुढें एक दिवा अखंड तेवत असतो. तो दिवा लागलेला आहे म्हणजे घरधनी घरांत आहे. भाविक आंत येतांच उजवा गुडघा जमिनीस टेकतो तो या सान्निध्यापुढें. भिंतीवरील सोनेरी नक्षीपुढें नव्हे. म्हणून मिस्सा चालू नसतांही तें स्थान रिकामें नसतें, आणि तेथील मौन ही दोन पूजांच्या मधली सुट्टी नसून तीच एक पूजा असते. नंदादीपाचा अर्थ ज्यास समजतो त्या हिंदु वाचकास ही गोष्ट समजण्यास कठीण जाऊं नये.

याचा अर्थ चर्चमध्यें आवाजास बंदी आहे असा कोणी करूं नये. गोव्याच्या चर्चांनीं तर पिढ्यान् पिढ्या गायक-वादक तयार केले. तेथील गाणें ऐकलें म्हणजे ही शांतता मुक्यांची नाहीं हें कळतें. परंतु तेथें आवाज ठरलेल्या वेळीं उठतो व ठरलेल्या वेळीं शमतो. रोमी मिस्साग्रंथाच्या सूचनांत तर विधि सुरू होण्यापूर्वींही मंदिरांत व धर्मगुरूंच्या वस्त्रें चढविण्याच्या खोलींत मौन पाळावें असें सुचविलें आहे. व्हॅटिकनमधील सिस्टीन मंदिरांत मायकेलँजेलोचें छत पाहण्यास आलेल्या गर्दीस गप्प करतां करतां पहारेकरी थकून जातात. म्हणजे हा रोग केवळ आमच्याकडचा आहे असें समजून कोणी शरमण्याचें कारण नाहीं.

आतां वस्त्राकडे वळूं. आमच्या मतें हा प्रश्न दुसरा आहे, आणि पहिला मानला गेल्यामुळेंच बिघडला आहे. मौन हें सर्व देशांत एकच असतें. वस्त्राची मर्यादा मात्र देशोदेशीं व काळोकाळीं बदलत आली, आणि खुद्द रोमच्या धर्मसत्तेनें ती बदलूं दिली. १९१७ च्या धर्मसंहितेंत असा नियम होता कीं, चर्चमध्यें पुरुषांनीं उघड्या डोक्यानें असावें, स्त्रियांनीं डोकें झांकून व सभ्य वेषानें असावें. परंतु पुरुषांच्या बाबतींत त्याच वाक्यांत एक सवलत होती: त्या त्या लोकांचा मान्य रिवाज निराळा नसेल तर. सवलत किती शहाणपणाची होती हें आमच्या आजोबांच्या पागोट्याकडे पाहिलें म्हणजे कळतें. ज्या समाजांत चारचौघांत बोडकें जाणें हाच असभ्यपणा, तेथें डोकें उघडें करून आदर कसा दाखवावा? चीनमध्यें हीच अडचण आली, तेव्हां पांचवे पोप पॉल यांनीं १६१५ सालीं तेथील धर्मगुरूंस डोक्यावर टोपी ठेवून मिस्सा करण्याची परवानगी दिली. पुढें १९८३ च्या नव्या धर्मसंहितेंतून डोक्यासंबंधींचा हा नियमच गळाला. तिच्यांत उरलें तें एवढेंच कीं, मंदिराची स्वच्छता व शोभा राखावी आणि स्थानाच्या पावित्र्याशीं विसंगत तें दूर ठेवावें.

गोव्यांत तर या बाबतींत सावधगिरीनें बोलण्यास आणखी एक कारण आहे. त्याच भूमीवर १५६० पासून १८१२ पर्यंत, मधलीं थोडीं वर्षें वगळतां, धर्मन्यायालयाचा अंमल होता, आणि १७३६ च्या त्याच्या फर्मानानें एतद्देशीय ख्रिस्ती पुरुषांस धोतर व स्त्रियांस चोळी वापरण्याची मनाई केली होती. लोकांनीं घरांत काय नेसावें हेंही सत्तेनें ठरविलें. कै. अ. का. प्रियोळकर यांनीं आपल्या ग्रंथांत त्या काळाचा इतिहास साधार मांडला आहे. आज तेथील ख्रिस्ती समाज त्या फर्मानाचा वारस नाहीं. तो त्याचा बळी होता, हें आमच्यांतील कित्येक विसरतात. आणि तिकडे वसईस पाहावें, तर कांहीं वृद्ध ख्रिस्ती स्त्रिया अजूनही नऊवारी लुगडें नेसून मिस्सेला जातात व कोणाही धर्मगुरूस त्यांत उणें दिसत नाहीं. वस्त्र ही आदराची बोली आहे, आणि बोली ज्या गांवची त्या गांवच्या लोकांनींच ठरवावी.

तेव्हां नियम असावा, पण कसा? व्हॅटिकनच्या सेंट पीटर बासिलिकेंत खांदे व गुडघे झांकलेले असावेत असा नियम आहे, आणि तो पुरुष व स्त्री दोघांसही लागू आहे. आमच्याकडे वेषाचा विषय निघाला कीं तो घटकाभरांत स्त्रियांच्या वेषाचा विषय होतो, आणि अर्ध्या चड्डींत पायांचें प्रदर्शन करीत फिरणारे गृहस्थ त्या चर्चेंत न्यायाधीश होऊन बसतात! हा नियम दोघांसही असेल तरच तो नियम. नाहीं तर ती स्त्रियांवरची पाळत. दुसरें असें कीं, दारावरील मनुष्याच्या हातीं वीतभर कमी कीं बोटभर जास्त हें मोजण्याचा अधिकार देऊं नये. इटलींतील कित्येक चर्चांच्या दाराशीं खांद्यावर घेण्यास वस्त्र मिळतें. आमच्याकडेही दाराशीं चार धुतलेल्या शाली व लुंग्या ठेवाव्या, हंसून हातीं द्याव्या, बाहेर पडतांना परत घ्याव्या. ज्यास परत लाविलें तो राग घेऊन जातो; ज्यास शाल दिली तो रीत शिकून जातो. आणि तिसरें, सभ्य वेष म्हणजे भारी वेष नव्हे. फाटकी पण स्वच्छ बंडी घालून आलेल्या मजुराकडे कोणी भुंवया उंचावून पाहिलें तर पावित्र्याचा भंग त्या पाहणाराकडून झाला असें आम्ही समजूं. उपासनेच्या वेळीं चर्चमध्यें प्रवेश खुला व विनामूल्य असला पाहिजे असें १९८३ च्याच धर्मसंहितेंत स्पष्ट म्हटलें आहे.

प्रवाशांस चार शब्द सुनावतांना घरच्या मंडळींस मोकळें सोडणें हा अन्याय होईल. प्रवचन सुरू झालें कीं दाराबाहेर येऊन उभे राहणारे पुरुष, मिस्सेच्या मध्यावर खणखणणारे मोबाइल, आणि लग्नांत वेदीपर्यंत चढून वधूवरांस धर्मगुरूकडे पाठ फिरविण्यास सांगणारे छायाचित्रकार, हे कांहीं परगांवाहून बसमधून उतरलेले नसतात. ज्या लग्नांत छायाचित्रकार हाच मुख्य पुरोहित, त्या लग्नाच्या वऱ्हाडानें परक्यांच्या सेल्फीवर रागवावें कोणत्या तोंडानें? आमच्या देवळांतील स्थिति याहून बरी आहे असेंही नाहीं. पुरीच्या जगन्नाथ मंदिरांत १ जानेवारी २०२४ पासून वेषाचा नियम लागू झाला. मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिराच्या न्यासानें जानेवारी २०२५ मध्यें तसाच नियम जाहीर केला. दोन्हीकडे चर्चा झाली ती कपड्यांची. गाभाऱ्यापुढें मोबाइलवर चालणाऱ्या संभाषणांचा वेषाइतका बोभाटा झाल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं.

परधर्मीयांस ही मर्यादा साधणार नाहीं असें जे म्हणतात त्यांनीं एखाद्या बुधवारीं माहीमच्या सेंट मायकल चर्चकडे जावें. १९४८ पासून चाललेल्या तेथील नोव्हेनेस हिंदु, मुसलमान, पारशी असे सर्व प्रकारचे लोक मेणबत्ती हातीं घेऊन येतात, तासन् तास रांगेंत उभे राहतात, आणि आंत शिरतांच त्यांचा आवाज आपोआप खालीं येतो. त्यांना ख्रिस्ती धर्मतत्त्वें कोणीं पढविलेलीं नाहींत. नवस बोलणाऱ्याच्या शेजारीं उभे राहून ते शिकले. गोव्याच्या प्रवाशास असा शेजार मिळत नाहीं, कारण त्यास बसमधून उतरवून पंधरा मिनिटांत पुन्हा बसमध्यें चढविलें जातें.

आणि येथें आमच्या व्यापारी वाचकांशीं आमचें थोडें काम आहे. सहली काढणाऱ्या कंपन्या, बसवाले, हॉटेलवाले यांचा धंदा या चर्चांच्या नांवावर चालतो. जाहिरातींत बॉं जेझूचें चित्र असतें, परंतु तेथें कसें वागावें याची एक ओळही नसते. चांदीची शवपेटी गोमंतकीय कारागिरांनीं घडविली, तिच्याखालचा संगमरवरी चौथरा टस्कनीच्या ग्रँड ड्यूकनें पाठविला, ही माहिती गाइड ऐन वेदीपुढें उभा राहून मोठ्यानें सांगतो. तीच त्यानें बाहेर पटांगणांत सांगावी व मंडळींस आंत मुक्यानें पाठवावें. सकाळीं निघतांना बसमध्यें एवढें सांगावें कीं आज चर्च पाहावयाचें आहे, खांदे व गुडघे झांकतील असें कांहीं बरोबर घ्या, आंत टोपी काढा, मोबाइल बंद ठेवा, मिस्सा चालू असेल तर मागें उभे राहा आणि मध्यें फिरूं नका. याला पैसा पडत नाहीं. हें जर झालें नाहीं, तर चर्चचे अधिकारी एक दिवस उपासनेच्या वेळांव्यतिरिक्त दारें बंद करतील किंवा प्रवाशांस दोरखंडापलीकडे उभे करतील, आणि त्या दिवशीं ओरडणारांत हेच कंपनीवाले पहिले असतील.

संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण दरवर्षीं ३ डिसेंबरला येतो, आणि त्यापूर्वींची नोव्हेना २४ नोव्हेंबरला सुरू होते. सहलींचीं पत्रकें त्याच्या कितीतरी आधीं छापलीं जातात. यंदाच्या पत्रकांत वरील चार ओळी घालण्यास कोणत्या मालकाची काय हरकत आहे, ती त्यानें आम्हांस लिहून कळवावी. आम्ही ती अवश्य छापूं.