शोध यंत्राचा, हक्क समाजाचा

मुक्ताईनगरहून भुसावळकडे जाताना दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राची धुराडी दुरूनच दिसू लागतात. पुढे भुसावळ जंक्शनवर 25 हजार व्होल्टच्या तारांखालून मालगाड्या धावतात आणि त्यांच्या शेकडो चाकांना एकाच वेळी आवरणारा हवेचा ब्रेक चालकाच्या हाताशी असतो. हा ब्रेक आणि दूरवर नेता येणारी वीज, या दोहोंमागे जॉर्ज वेस्टिंगहाऊस (1846–1914) या अमेरिकन संशोधक-कारखानदाराचे कर्तृत्व आहे. ते नाकारण्याचे समाजवाद्यांना कारण नाही. प्रश्न आहे तो शोधाचे फळ कोणाच्या पदरात आणि कोणाच्या बळावर पडले, हा.

वेस्टिंगहाऊसने ब्रेकचे पेटंट 1869 मध्ये घेतले. 1872 मध्ये त्याने त्यात अशी सुधारणा केली की, डबे सुटले तरी ब्रेक आपोआप लागावा. प्रवासी गाड्यांवर हा ब्रेक लवकर आला. अपघात झाल्यास कंपन्यांचे नाव आणि उत्पन्न दोन्ही बुडत होते. मालगाड्यांच्या टपांवरून धावत हातचाके फिरविणारे कामगार मात्र घसरून मरतच राहिले. तंत्र तयार होते. पण कंपन्यांच्या हिशेबात कामगाराचा जीव ब्रेकपेक्षा स्वस्त होता. अखेर 1893 मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा करून ब्रेकची सक्ती केली. बाजाराने चोवीस वर्षांत जे केले नाही, ते लोकमताच्या रेट्याने झालेल्या कायद्याने करवून घेतले.

विजेचा इतिहासही हेच सांगतो. एकदिश प्रवाहाची वीज त्या काळी फार दूर नेणे परवडत नसे. विल्यम स्टॅन्लेचे रोहित्र आणि निकोला टेस्लाची पेटंटे हाताशी धरून वेस्टिंगहाऊसने प्रत्यावर्ती प्रवाहाचा मार्ग खुला केला आणि 1896 मध्ये नायगाराची वीज बफेलो शहरात पोहोचली. महाराष्ट्रात 1915 मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. परंतु वीज दूर नेता येते याचाच दुसरा अर्थ असा की, जमीन एकाची बुडते आणि उजेड दुसऱ्याच्या घरी पडतो. 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांनी केलेला सत्याग्रह या अन्यायाविरुद्धच होता.

वेस्टिंगहाऊस मालक म्हणून उदार होता, त्याने कामगारांना शनिवारी अर्ध्या दिवसाची सुटी दिली, असे त्याचे चाहते सांगतात. ते खरे आहे. पण 1907 च्या आर्थिक अरिष्टात त्याच्याच कंपनीवरील त्याचा ताबा सावकारी भांडवलाने हिरावून घेतला. जो मालक स्वतःच्या खुर्चीची शाश्वती देऊ शकत नाही, त्याच्या चांगुलपणावर कामगाराने आयुष्य कसे सोपवावे? औदार्य म्हणजे हक्क नव्हे.

मुक्ताईनगर तालुक्याला हा धडा परका नाही. तापी-पूर्णेकाठच्या जमिनी हतनूरच्या फुगवट्याखाली गेल्या. दीपनगर सार्वजनिक मालकीचे आहे. तरीही त्याच्या तारांखालच्या केळी उत्पादकाला थ्री-फेज वीज वर्षानुवर्षे आळीपाळीने रात्रीची मिळत आली. साप-विंचवांच्या भीतीने, हातात बॅटरी घेऊन पंप सुरू करायला जाणारा शेतकरी आणि मालगाडीच्या टपावरचा तो कामगार, यांत फरक किती? डीपी जळाली की पीक सुकत असताना खेटे घालावे लागतात, ते वेगळेच. मालकी सार्वजनिक झाली म्हणजे वाटप आपोआप न्याय्य होत नाही. त्यासाठी लोकांचा दाब लागतो.

2017 मध्ये सौर कृषिवाहिनी योजना आणून शासनाने दिवसा विजेची मागणी रास्त असल्याचे मान्यच केले. आता ते आश्वासन प्रत्येक गावी पाळले जाते की नाही, हे कार्यकर्त्यांनी तपासावे. कोणत्या वाहिनीवर वीज किती तास आणि केव्हा येते, जळालेली डीपी किती दिवसांत बदलली जाते, याची गावोगाव नोंद करावी आणि ती घेऊन महावितरणच्या दारात शेतकऱ्यांसह उभे राहावे. शोध लावणारा एखादाच असतो. तो सर्वांचा करण्याचे काम संघटनेचे आहे.