आधी घराने भाषा शिकावी

खेड्यात एखादे मूल ऐकू न येणारे निघाले की पहिल्यांदा त्याचे नाव जाते. बारशाला ठेवलेले नाव रेशन कार्डावर राहते आणि गाव त्याला 'मुका' म्हणू लागते. मूल दोन वर्षांचे होईस्तोवर घरचे म्हणतात, "त्याचा बापबी उशिराच बोलला." तिसऱ्या वर्षी देवऋषी, अंगारा, नवस सुरू होतात. शाळेत घालायची वेळ आली म्हणजे मग दवाखान्याची वाट धरली जाते. तोवर जमिनीतला वाफसा निघून गेलेला असतो.

शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असे कुणी विचारील. पण हे मूल शेतकऱ्याच्याच घरातले आहे. उद्या त्याचेच नाव सातबाऱ्यावर लागणार, आणि तेच पाठीवर पंप घेऊन फवारणीला जाणार.

माझी स्वतःची मुलगी जन्मापासून कर्णबधिर आहे. आम्ही नवरा-बायको दोघेही ऐकणारे. त्या नात्याने नुकतेच एका संस्थेने मला अशाच आईबापांच्या ऑनलाइन सभेत बोलायला सांगितले. मोबाईलवर चाळीसेक कुटुंबे जमली होती. कुणी विदर्भातले, कुणी कोकणातले, दोन-तीन कुटुंबे कामधंद्यासाठी सुरतेला गेलेली. सभेत काही कर्णबधिर तरुणही होते, म्हणून पडद्यावर एका चौकटीत दुभाषी ताई बसल्या होत्या. मी बोलेन ते त्या हातांनी सांगत होत्या. मला मिळाली पंधरा मिनिटे. वाक्य संपले की थांबायचे, तोंडावर उजेड राहील असे बसायचे, एकाने बोलताना दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचे नाही, अशी शिस्त होती. ही शिस्त आमच्या शेतकरी मेळाव्यांनाही लावली तर पुष्कळांचे भले होईल!

प्रश्नांची वेळ आली तेव्हा फिरून फिरून एकच प्रश्न येत होता, "साहेब, पोरगं बोलेल का?" एका भगिनीने जरा दबकतच विचारले, "दादा, हातवारे शिकवले तर तो बोलायचा आळस करील, असं आमचे मामंजी म्हणतात. खरं का?" तिला जे उत्तर दिले तेच येथे मांडतो, कारण असे मामंजी गावोगावी आहेत.

खुणांच्या भाषेमुळे मुलाचे बोलणे मागे पडते, याला पुरावा नाही. नुकसान होते ते मूल कोणत्याच भाषेविना वाढले म्हणजे. ऐकणाऱ्या मुलाला भाषा कुणी मुद्दाम शिकवत नाही. चुलीपाशी, ओट्यावर, मोठ्यांच्या भांडणातून ती आपोआप कानावर पडते. कर्णबधिर मूल त्याच घरात बसलेले असते, पण त्याच्या वाट्याला त्यातले काहीच येत नाही. 'जेव', 'चल', 'झोप' एवढे बोट दाखवून भागते. पण 'आई माहेरी गेली आहे, आजोबा आजारी आहेत, परवा येईल' हे बोटाने कसे सांगणार? पोराला एवढेच दिसते की आई पिशवी घेऊन निघून गेली. ते रडते, आदळआपट करते, आणि आपण म्हणतो, पोरगं हट्टी आहे.

शंभरांतली नव्वदहून अधिक कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. म्हणजे ज्या भाषेची त्या मुलाला गरज आहे ती घरात कुणालाच येत नसते. ती आईबापांनी मुद्दाम शिकून घरात आणावी लागते. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे मराठीचे हातवारे नव्हेत. तिला स्वतःचे व्याकरण आहे. तिच्यात विनोद होतो, भांडण होते, हिशेबही होतो. कर्णबधिर मंडळी एकमेकांना खुणेचे नाव देतात. गालावर खळी असेल तर त्यावरून, एखादी सवय असेल तर तीवरून. गावाने नाव काढून घेतलेल्या पोराला तिथे पुन्हा नाव मिळते.

मामंजींचा समज आला कुठून, तेही सांगतो. १८८० साली इटलीतील मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. शाळेत हाताची भाषा नको, तोंडानेच बोलायला शिकवावे, असा ठराव तिथे झाला. ठराव करणारे जवळपास सगळे ऐकणारे होते. पुढे देशोदेशीच्या शाळांनी तोच कित्ता गिरवला. आपल्याकडेही अनेक शाळांत वर्षानुवर्षे ओठ पाहून बोलण्यावरच भर राहिला. २०१० साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे त्याच परंपरेतील परिषदेने त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. खेदाला १३० वर्षे लागली. आपल्या पोरांना तेवढा वेळ नाही.

श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांटच्या मी विरोधात नाही. माझी मुलगीही यंत्र वापरते. ज्याला उपयोग होईल त्याने जरूर घ्यावे, आणि शासनाच्या योजनेतून मिळत असेल तर सोडू नये. पण शस्त्रक्रिया झाली म्हणजे मूल दुसऱ्या दिवशी बोलू लागते, हा भ्रम आहे. पुढे कित्येक वर्षे वाचा उपचार करावे लागतात. शिवाय यंत्र आंघोळीला काढावे लागते, झोपताना काढावे लागते, बॅटरी संपली की ते गप्प होते. विहिरीवर मोटार आहे म्हणून कुणी पावसाचे पाणी अडवायचे सोडत नाही. यंत्रही असावे, खुणांची भाषाही असावी.

वेळेचे गणित मात्र पक्के ध्यानात ठेवा. बाळाची श्रवण तपासणी पहिल्या महिन्यात, शंका आली तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार व भाषेची सुरुवात, असे तज्ज्ञ सांगतात. भाषा रुजण्याचे खरे दिवस पहिल्या पाच वर्षांतलेच. पेरणी दहा दिवस लांबली तर उतारा किती घटतो, हे शेतकऱ्याला मी सांगायला नको.

आता माझ्या कामातले एक उदाहरण. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य. ही खूणच आहे, आणि कर्णबधिर माणसालाही ती दिसते. पण लाल डबा का वाईट, वारा कोणत्या बाजूने असावा, फवारून किती दिवस भाजी तोडायची नाही, हे त्याने विचारायचे कुणाला? त्याला आणि घरच्यांना मिळून एक भाषा असेल तरच तो विचारील. आम्ही विस्तारवाले तर प्रात्यक्षिकावर भर देणारे, डोळ्यांना दाखवून शिकवणारे. तरी कर्णबधिर शेतकरी आमच्या शिवार फेरीत दिसत नाही, कारण त्याला कुणी निरोपच देत नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने १७ फेब्रुवारी २०२१ रोजी काढलेल्या शब्दकोशाच्या तिसऱ्या आवृत्तीत १० हजार शब्द आहेत, आणि त्यांत शेतीचेही शब्द आहेत. त्याचे व्हिडिओ मोबाईलवर फुकट पाहता येतात. म्हणजे शब्द तयार आहेत, ते वापरणारे आपण हवेत.

त्या ऑनलाइन सभेत एक गोष्ट खटकली. बहुतेक घरांतून मोबाईल बापाच्या हातात होता. आई मागे उभी, नाहीतर पडद्याबाहेरच. मूल दिवसभर कुणाजवळ असते? ज्या घरात एकच मोबाईल आहे, तिथे रोज अर्धा तास तो आईच्या हातात द्या आणि शेजारी आजीलाही बसवा. प्रवासाचा खर्च नाही, रोजगार बुडत नाही, हा अशा सभांचा मोठा फायदा आहे. तो मुलाजवळ असणाऱ्या माणसापर्यंत पोचला पाहिजे.

गावच्या कारभाऱ्यांनाही काही करता येईल. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले ग्रामसेवक, यांनी हा विषय ग्रामसभेपुढे ठेवावा. यंत्राच्या बॅटऱ्या किंवा सांकेतिक भाषा शिकवणाऱ्या कर्णबधिर शिक्षकाचे मानधन यांसाठी ठराव मांडून पाहावा. आशाताई आणि अंगणवाडी सेविकांनी 'उशिरा बोलेल' हे उत्तर ऐकून परत फिरू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते, तेव्हा मूल त्यांच्यापुढे बसवावे. ही योजना २०१३ साली आपल्याच पालघरहून सुरू झाली, आणि जन्मजात बहिरेपण तिच्या यादीत आहे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढण्यासाठी सरपंचांनी एक दिवस जीपची सोय केली तर चार घरांच्या चार खेपा वाचतील. गुरुजींसाठीही सोय झाली आहे. पीएम ई-विद्याची ३१ क्रमांकाची वाहिनी डिसेंबर २०२४ पासून खास सांकेतिक भाषेसाठी आहे.

दरवर्षी २३ सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन असतो. त्या दिवशी हारतुरे आणि भाषणे नकोत. गावात असे मूल असेल तर त्याच्या घरी जा आणि त्याचे नाव विचारा. घरच्यांकडून नमस्कार, पाणी, शाळा, बैल, पाऊस अशा दहा खुणा शिका. घरच्यांनाच त्या येत नसतील, तर काम कुठून सुरू करायचे ते तिथेच कळेल.