संप कधी संपला?

मुंबईतला १९८२चा गिरणी संप कधी संपला, हे लालबागमध्ये तिघांना विचारून पाहा. एक सांगेल, दीडेक वर्षाने. दुसरा म्हणेल, घरात दाणा उरला नाही आणि माणसं मान खाली घालून खात्यात परतली, तेव्हा. तिसरा ठणकावेल, ‘संपलाय कुठे? डॉ. सामंतांनी तो मागे घेतलाच नाही!’

तिघांपैकी खोटं कुणीच बोलत नाही. १९८१च्या दिवाळीत बोनसवरून ठिणगी पडली आणि १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. कायद्याने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. गिरणगाव मात्र कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे उभं होतं. त्यामुळे सरकारदरबारी संप बेकायदा, चाळीत तो हक्काचा. गिरण्या बुडाल्या कशाने? मालक म्हणतात, संपाने. कामगार म्हणतात, यंत्रं जुनाट ठेवून जमिनीवर डोळा ठेवला त्याने. १९९१च्या विकास नियमावलीने त्या जमिनी विकण्याची वाट खुली केली, हे मात्र दोघांनाही नाकारता येत नाही.

इतकं ऐकलं की आपण शहाण्यासारखी मान डोलावतो : ज्याचं त्याचं सत्य! हे औदार्य फुकटचं आहे. गिरणी कामगारांसाठी राखलेल्या घराकरता अर्ज करणाऱ्याला ते परवडत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं हजेरी कार्ड, कामगार विम्याचा (ईएसआय) कागद, तिकीट नंबर हे सगळं तो कशासाठी पुढे करतो? आपण त्या साच्यावर उभे होतो, हे सिद्ध करायला. उभे होतो की नव्हतो, याला दोन उत्तरं नाहीत. कागद हरवला तरी उत्तर बदलत नाही. फक्त ते सिद्ध करणं अवघड होतं. बदली कामगाराला हे विशेष ठाऊक आहे. रोज सकाळी दारावर उभं राहायचं, काम मिळालं तर मिळालं. त्याचे कष्ट खरे, पण नोंद तुटक.

आमचं म्हणणं एवढंच : नजर सापेक्ष असते, घडलेलं सापेक्ष नसतं. सगळ्यांचं ऐकायचं ते सगळे सारखेच खरे म्हणून नव्हे; प्रत्येकाच्या सांगण्यातून काहीतरी सुटलेलं असतं म्हणून. ज्याच्या हाती दप्तर आहे, त्याला ‘सत्य सापेक्ष असतं’ म्हणणं सोयीचं जातं. ज्याच्या हाती काहीच नाही, त्याला एकच खरं लागतं आणि तेच त्याचं भांडवल असतं.

यंदाच्या दिवाळी अंकात म्हणूनच एकमेकांशी न पटणारे लेख शेजारी शेजारी छापले आहेत. पाहिलेलं कोणतं, ऐकलेलं कोणतं, हे लेखकांनी वेगळं सांगावं, एवढा आग्रह धरला. वाचकांनीही तो धरावा; चुकलं तिथे पुराव्यानिशी कान धरावा.



– संपादक