भंगारवाद्यांचा हिशेब

लष्करी विमानाची देखभाल तीन पातळ्यांवर चालते. उड्डाणाच्या आधीची आणि नंतरची तपासणी स्क्वाड्रनमध्ये होते, ठरावीक तासांनंतरची मोठी तपासणी हवाई तळावर, आणि विमान पार सांगाड्यापर्यंत उघडण्याचे काम डेपोत. भारतीय हवाई दलाचा लढाऊ विमानांसाठीचा असा एकच डेपो आहे: नाशिकजवळच्या ओझरचा ११ बेस रिपेअर डेपो.

या तिसऱ्या पातळीवर एका पंथाचा भारी राग आहे. त्याचे म्हणणे असे: जुन्या विमानाचे ओव्हरहॉल ही उधळपट्टी, आधुनिकीकरण म्हणजे म्हाताऱ्याच्या डोक्याला बाशिंग, तेवढ्याच पैशात नवी विमाने घ्यावीत आणि डेपोला कुलूप ठोकावे.

आधी ‘तेवढ्याच पैशात’चा हिशेब. मिग-२९च्या आधुनिकीकरणाचा २००८चा करार सुमारे ९६ कोटी डॉलरचा होता आणि त्यात ६०हून अधिक विमाने होती. २०१६ साली ३६ राफेल विमाने शस्त्रे आणि सोयीसुविधांसकट सुमारे ७८७ कोटी युरोंना ठरली. म्हणजे त्या ९६ कोटींत फार तर चार राफेल आली असती. साठांचे काम चौघांनी कसे करावे, हे या पंथाने अजून सांगितलेले नाही.

पण खरी गफलत पुढेच आहे. नवे विमान घेतले की डेपोची गरज संपते, असे गृहीत धरले जाते. सप्टेंबर २००२ मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावर सुखोई-३० एमकेआय दाखल झाले, तेव्हा ते नवेकोरेच होते. त्याच जातीचे पहिले विमान संपूर्ण ओव्हरहॉल करून ओझरच्या डेपोने एप्रिल २०१८ मध्ये हवाई दलाच्या हवाली केले. डेपोत विमानाचा रंग उतरवतात. इंजिने, चाकांचे पाय, वैमानिकाची आसने, वायरींचे जुडगे, सगळे बाहेर काढतात. मग सांगाड्याची एकेक फासळी अल्ट्रासाउंडने आणि एडी करंटने तपासतात, कारण भेग बहुधा पत्र्याखाली, रिव्हेटच्या छिद्राच्या कडेला सुरू होते आणि स्क्वाड्रनमधल्या टॉर्चला ती दिसत नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेतील मिसुरीवर सरावात असलेले एफ-१५सी विमान हवेतच दुभंगले; वैमानिक वाचला. कॉकपिटलगतच्या एका आडव्या तुळईला भेग गेली होती, आणि ती तुळई मुळात आराखड्यातल्या मापाबरहुकूम बनलेलीच नव्हती. दोष वयाने आणलेला नव्हता, कारखान्यातून सोबत आलेला होता. विमानाचे वय कॅलेंडरवर मोजणाऱ्यांनी हे प्रकरण सावकाश वाचावे.

मिग-२१ इतकी वर्षे का उडवले, हा जुना वाद इथे हमखास उकरला जातो. बायसन या सुधारित रूपात ते विमान सप्टेंबर २०२५पर्यंत सेवेत राहिले हे खरेच; पण ते राहिले ते त्याची जागा घेणारे विमान वेळेवर आले नाही म्हणून. तो राग रेंचवाल्यांवर काढण्यात शौर्य नाही.

सगळे खासगी कंत्राटदारांना द्या, असाही एक सूर निघतो. अमेरिकेच्या कायद्यानुसार डेपो देखभालीच्या निधीपैकी निम्म्याहून अधिक रक्कम कंत्राटदारांवर खर्च करता येत नाही, एवढे उत्तर पुरे.

ब्रिटनच्या निमरॉड एमआरए४ या सागरी गस्ती विमानाचे उदाहरण मात्र या पंथाच्या हातातले खरे हत्यार आहे. १९६०च्या दशकातल्या सांगाड्यांना नवे पंख बसवायला घेतले, तर प्रत्येक सांगाड्याचे माप वेगळे निघाले. २०१० मध्ये प्रकल्पच रद्द झाला. यातून आधुनिकीकरण वाईट ठरत नाही, न मोजता केलेले आधुनिकीकरण वाईट ठरते.

म्हणून आधी सांगाडा मोजावा, मग रडारची यादी करावी. ओव्हरहॉल आणि आधुनिकीकरण एकाच उघडणीत उरकावे. मिग-२९ची पहिली ६ विमाने रशियात आणि पुढची ओझरला करण्याचे ठरले, आयुष्य २५ वर्षांवरून ४० वर्षांवर नेण्याचे उद्दिष्ट धरले, तो क्रम योग्य होता. हात इथेच तयार झाले. सुट्या भागांचे उत्पादनही करारातच मागून घ्यावे. का, ते एएन-३२ मालवाहू विमानांवरून दिसते. त्यांच्या आधुनिकीकरणाचा २००९चा करार युक्रेनशी झाला. ४० विमाने तिकडून सुधारून आली. कानपूरच्या १ बेस रिपेअर डेपोत करायची उरलेली विमाने २०१४च्या रशिया-युक्रेन संघर्षानंतर सुट्या भागांअभावी रखडली.