पेशवाईतली फ्रेंच कॉफी

टिटवाळ्याच्या महागणपतीचं देऊळ माधवराव पेशव्यांच्या वेळचं, असं सांगतात. साधारण त्याच काळात फ्रान्सच्या दरबाराला तुर्की थाटाचं भलतंच वेड लागलं होतं. त्यातली कॉफीची चटक मात्र जुनी. १६६९ मध्ये पॅरिसला आलेल्या ऑटोमन वकील सुलेमान आगाने बड्या घरांना लावलेली. १७५५ च्या सुमारास चित्रकार कार्ल व्हान लूने राजाची लाडकी मादाम द पोंपादूर हिला चक्क सुलताना करून रंगवलं: हाती लांबलचक नळीची चिलीम, पुढ्यात कॉफीचा पेला धरलेली काळी दासी. कार्लच्या पुतण्याने, आमेदेने तर सुलतानेच्या महालातली चित्रमालिकाच काढली. गोब्लँ कारखान्याच्या विणकरांनी ती भिंतभर पडद्यांवर विणली. हौसेला मोल नाही! कॉफी मात्र तोवर मार्टिनिकसारख्या वसाहतींतून, गुलाम राबत त्या मळ्यांतूनही येऊ लागली होती.