पटाचा पाऊस आणि शाळेचं मंडळ

सोयाबीन शेंगा भरायलंय, कापसाला बोंडं धरलीत, पाऊस बरा हाय. आज पिकावर लिहीत नाही, शाळेवर लिहायलोय. 30 सप्टेंबर जवळ आली म्हणून.

आपल्याला ही तारीख पीक विम्याच्या कटऑफसारखी समजा. त्या दिवशी शाळेच्या पटावर जेवढी पोरं, तेवढ्यावर पुढचं सगळं ठरतं. त्याला संचमान्यता म्हणतात. शाळेला सरकार पैसे देतं म्हणजे काय, तर बहुतेक पैसा मास्तरच्या पगाराचाच असतो. म्हणजे पटावरून पद, अन् पदावरून पैसा. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदला तीन. साठ अन् एकसष्ट यात एका पोराचा फरक, पण शाळेसाठी एका मास्तरचा.

दोन सालामागं आमच्या शिवाराजवळच्या एका शाळेत हेच घडलं. मी तिथं शाळा व्यवस्थापन समितीत होतो. हजेरीवर 62 पोरं. रोज येणारी, खिचडी खाणारी, जिवंत पोरं. त्यातल्या चौघांचं आधार जुळेना. एकाच्या बापाचं नाव आधारावर एक अन् शाळेत दुसरं, एकीची जन्मतारीख उलटी. उरले 58. तिसऱ्या मास्तरचं पद अतिरिक्त ठरलं. पाच वर्ग, दोन मास्तर, त्यातला एक कायम कुठल्या तरी माहितीच्या फॉर्मात. ज्या पोरीची तारीख चुकली तिची माय म्हणाली, "भाऊ, तारीख तर त्या मशीनवाल्यानंच टाकली, पोरीचा काय गुन्हा?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. फार्मर आयडीला ज्याचं नाव सातबाऱ्याशी जुळलं नाही त्याला हे दुखणं वेगळं सांगायची गरज नाही.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणाल एकांगी लिहितो. मोजणी एवढी कडक का झाली? 2011 साली आपल्या शेजारच्या नांदेडला जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी शाळांची पटपडताळणी केली अन् कागदावरच्या पोरांचा ढीग सापडला. मग त्याच साली 3 ते 5 ऑक्टोबरला राज्यभर पोरांच्या बोटाला शाई लावून मोजलं. लाखोंनी बोगस निघाले. म्हणजे हा पैसा खाणारे आपलेच होते. मोजू नका असं मी म्हणत नाही. पण चोर सापडला म्हणून साऱ्या गावाची भाकर मोजून द्यायची का?

खरी गोम पुढं हाय. समग्र शिक्षामधून शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान मिळतं, 60 टक्के केंद्राचं, 40 राज्याचं. तीस पोरांपर्यंत 10 हजार, शंभरपर्यंत 25, अडीचशेपर्यंत 50, हजारपर्यंत 75, त्यापुढं एक लाख. खडू, रजिस्टर, लाईट बिल, किरकोळ दुरुस्ती, सगळं त्यातच. शिवाय किमान दहा टक्के स्वच्छतेवर. आता तुम्हीच सांगा, तीस पोरांची शाळा गळते तेव्हा एकतीस पोरांच्या शाळेपेक्षा अडीच पट कमी गळते का? पाच एकराला मोटार बसवली काय अन् दीड एकराला बसवली काय, मोटारीची किंमत तीच. खत एकरावर मोजा, मोटार एकरावर मोजू नका. पोषण आहार डोक्यावर मोजतात ते रास्त हाय, पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला 100 ग्रॅम धान्य. पण छप्पर, संडास, वीज अन् मास्तर डोक्यावर मोजले की लहान वस्तीचं पोर आपोआप महाग ठरतं. मग 2023 ला निघालं तसं पत्र निघतं, की वीसच्या आतल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करा. राज्यात अशा चौदा हजारांवर शाळा. आकडा बघून साहेबांना खर्च दिसतो. मला पावसात ओढा ओलांडणारी पहिलीची पोरगी दिसते.

अन् तारखेची गंमत. 30 सप्टेंबरला ऊसतोडीला जाणारी घरं गावातच असतात. दिवाळीच्या आगंमागं ट्रॅक्टरवर बिऱ्हाडं चढतात, एप्रिलपर्यंत वर्ग अर्धे. हंगामी वसतिगृहाची सोय कागदावर हाय, पण ज्याचं पोर आजीपाशी राहतं अन् अधूनमधून शाळेत येतं, त्याला परत बसवायला मास्तरला जास्त मेहनत लागते. जास्त मेहनतीला जास्त पैसा कुठंच नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यानं 2013 साली सूत्र बदललं. गरीब घरच्या पोरामागं शाळेला मूळ रकमेच्या वर 20 टक्के जास्त देतात. तिथलं सगळं उचलायची गरज नाही. तिकडं बऱ्याच ठिकाणी शाळा घरपट्टीवर चालतात, म्हणजे श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत. ती भानगड आपल्याकडं नको. पण पोरगं पोरगं सारखं नसतं, एवढं त्यांनी कायद्यात लिहिलं. आपल्याकडं ऊसतोडीवाल्याच्या पोराचं वजन तसं जास्त धरायला काय हरकत हाय?

माझं म्हणणं एवढंच. शाळा हाय तिथं दोन मास्तर अन् इमारतीचा खर्च पट न बघता द्या, त्याच्या वर पोरामागं द्या. मोजणी एका दिवसाची नको, सप्टेंबर अन् फेब्रुवारी दोन्हीची बघा. आधार जुळत नसेल तर हजेरी अन् समितीची सही धरा; समितीत पाऊण पालकच असतात, आम्ही आमच्या पोरांना ओळखतो.

कुणीतरी खाली लिहील, लोकवर्गणी करा म्हणून. करतो की. वालूरच्या बारवेतला गाळ काढायला माणसं उतरलीच होती. पण श्रमदानातून गाळ निघतो, मास्तर निघत नाही.

ज्यांच्या पोरांचं आधार अडकलंय त्यांनी जन्मदाखला काढून ठेवा. रविवारी सकाळी मी तालुक्याला जाणार हाय, गाडीत चार जणांची जागा हाय. सोयाबीन काढणी सुरू झाली की कुणालाच वेळ मिळणार नाही.